नव्या गाडीला काय दिसते?

मामांनी नवी गाडी शोरूममधून थेट गोव्यातल्या कवळ्याला नेली, शांतादुर्गेच्या दारात. नारळ फुटला, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, समोरच्या जाळीवरून बंपरपर्यंत झेंडूचा जाडजूड हार लोंबला आणि त्याच्या टोकाला लिंबू-मिरची. प्रसाद घेऊन सावईवेऱ्याला निघालो. फोंडा मागे पडायच्या आत पडद्यावर पिवळा त्रिकोण उमटला: समोरचा रडार झाकला गेला आहे, सुविधा तात्पुरत्या बंद.

मामांनी गाडी कडेला घेतली. "आज घेतली आणि आजच बिघडली?"

मी उतरले, हार सोडवून मागच्या सीटवर ठेवला, लिंबू-मिरची बाजूला सरकवली. थोडे पुढे गेलो तसा त्रिकोण गेला. मामी मात्र फुरंगटली. देवीचा हार चालत नाही ती गाडी कसली, असे तिचे म्हणणे.

मामांची आधीची गाडी एकोणीस वर्षांची. तीन पेडल, एक गिअरचा दांडा, एक हॉर्न. कुळागरातले, म्हणजे बागायतीतले, नारळ-सुपारी फोंड्याला पोचवायची, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान आणायचे, एवढेच तिचे काम. तिने कधी त्यांच्याशी वाद घातला नाही. नवी गाडी पहिल्या दिवसापासून बोलते, किणकिणते, स्टिअरिंग ओढते, स्वतःच दिवे लावते. शोरूममधल्या पोराने गाडी हातात देताना पंचवीस मिनिटांत चाळीसेक नावे सांगितली. त्यातली मामांच्या लक्षात राहिली दोन: सनरूफ आणि कपहोल्डर.

मी अशी गाडी चार वर्षे चालवते, त्यामुळे शिकवणीची जबाबदारी माझ्यावर आली. बटणांपासून सुरुवात केली आणि आठवड्यात फसले. बटण कुठे आहे हे माणूस दोन दिवसांत शिकतो. गाडी मध्येच असे का वागली हे त्याला कळत नाही, आणि भीती त्याचीच असते. मग आम्ही रीत बदलली. कुठलीही सुविधा समोर आली की पहिला प्रश्न एकच: हे गाडीला कशाने कळले? नावे चाळीस असली तरी गाडीची इंद्रिये मोजकीच आहेत. काचेमागचा कॅमेरा, पुढचा रडार, बंपरमधले गोल सेन्सर, चाकांचा वेग मोजणारे सेन्सर, सीटखालचा वजनाचा सेन्सर आणि किल्लीशी बोलणारा रेडिओ. कोणाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे समजले की बहुतेक किणकिणीचा अर्थ आपोआप लागतो.

चाकांना कळते ते

सर्वांत जुने इंद्रिय चाकांपाशी आहे. प्रत्येक चाकाला एक सेन्सर असतो आणि ते किती वेगाने फिरते हे तो सतत सांगत असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक फिरायचे थांबून नुसते घसरू लागले, तर संगणक त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा आवळतो, पुन्हा सैल करतो, सेकंदाला कित्येक वेळा. हेच एबीएस. बॉशने बनवलेली ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. आपल्याकडे ती सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची व्हायला एप्रिल २०१९ उजाडले, म्हणून मामांच्या जुन्या गाडीत ती नव्हतीच.

नसल्याचा परिणाम असा की मामांच्या पायाला एकोणीस वर्षांची एक सवय जडली होती. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. जुन्या गाडीत हे शहाणपण होते. एबीएस असलेल्या गाडीत तीच सवय घात करते, कारण पाय उचलला की यंत्रणेचे काम अर्धवट राहते. शिवाय एबीएस चालू झाले की पेडल पायाखाली थरथरते आणि खडखड असा आवाज येतो. नवख्या माणसाला वाटते काहीतरी तुटले, आणि तो घाबरून पाय काढतो.

म्हणून एका रविवारी सकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, फर्मागुडीच्या पठारावर मोकळा रस्ता बघितला. मागे कोणी नाही याची खात्री केली, चाळीसचा वेग घेतला आणि मामांना सांगितले, आता जीव खाऊन दाबा. पेडल थरथरले, मामा ओरडले, गाडी सरळ थांबली. तीनदा केल्यावर ओरडणे बंद झाले. एबीएसचा खरा फायदा गाडी लवकर थांबण्यात नाही. ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळवता येते आणि समोरचा अडथळा चुकवता येतो, यात आहे. मोकळ्या खडीवर किंवा लाल मातीच्या चिखलात तर थांबायचे अंतर उलट वाढू शकते.

याच चाकांच्या सेन्सरांवर आणखी एक रखवालदार बसतो. गाडी वळणावर घसरू लागली, तुम्ही स्टिअरिंग वळवले आहे आणि गाडी वेगळीकडेच चालली आहे, असे दिसले की तो एकाच चाकाचा ब्रेक आवळून तिला ओळीत आणतो. मीटरमध्ये नागमोडी रेघा सोडणाऱ्या मोटारीचे चित्र असते ते याचेच. ते लुकलुकले तर बिघाड नाही, रखवालदार कामाला लागला आहे. आपण वेग कमी करावा. तेच चित्र स्थिर पेटून राहिले तर मात्र तो बंद आहे किंवा बिघडला आहे.

दिव्यांच्या रंगाबद्दल एवढे पुरे: लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे. मामांनी पहिल्या आठवड्यात निळ्या दिव्यासाठी मेकॅनिकला फोन केला होता. तो हाय बीमचा होता.

टायरच्या हवेचा इशारा दोन प्रकारे येतो. काही गाड्यांत चाकाच्या व्हॉल्व्हलाच छोटा सेन्सर जोडलेला असतो आणि तो हवेचा आकडा रेडिओने कळवतो. काहींत असा सेन्सर नसतो; हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरते, आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. पहिल्या प्रकारात पंक्चरवाल्याला आधीच सांगावे की व्हॉल्व्हला सेन्सर आहे, नाहीतर टायर उचकटताना लोखंडी पट्टीने तो मोडतो. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर मेन्यूत जाऊन रीसेट करावे लागते, ते न केल्यास गाडी जुनेच गाणे गात राहते. थंड-गरमाचाही फरक पडतो: तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने बदलतो. म्हणून हवा सकाळी, गाडी फिरवण्याआधी बघावी.

किल्ली, नारळ आणि मामी

एक शनिवार मामी कधी विसरणार नाही. मामा तिला फोंड्याच्या बाजारात सोडायला गेले. इंजिन चालूच होते. मामी उतरली, मामा निघाले, आणि गाडीने दोनदा किणकिण करून सांगितले की किल्ली सापडत नाही. मामांना वाटले, गाडी तर चालते आहे! घरी येऊन त्यांनी इंजिन बंद केले. मग ते काही केल्या सुरू होईना. किल्ली मामीच्या पर्समध्ये होती, आणि मामी मासळी बाजारात.

स्मार्ट किल्लीला गाडी जवळून, कमी पल्ल्याच्या लहरींनी हाक मारते, "आहेस का?" किल्ली आपल्या लहरीवर सांकेतिक उत्तर देते. दार उघडताना आणि इंजिन सुरू करताना ही विचारपूस होते. चालत्या इंजिनाला मात्र किल्ली हरवली म्हणून गाडी मुद्दाम बंद करत नाही, कारण भर रस्त्यात इंजिन बंद पडणे अधिक धोक्याचे. म्हणून ती फक्त ओरडते. किल्ली सापडत नाही असे वाचले की गाडी कडेला घेऊन थांबावे, इंजिन बंद करू नये, आणि आधी उतरलेल्या माणसाला फोन करावा.

किल्लीतली बटणासारखी बॅटरी संपली तरी गाडी अडत नाही. किल्लीच्या पोटात धातूची साधी किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडते. सुरू करताना किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवावी, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवावी. आतल्या चिपला बॅटरी लागत नाही, तिला शक्ती गाडीच देते. हे घरी एकदा करून बघावे. रात्री अकराला पावसात पुस्तिका वाचायची वेळ येऊ नये.

सीटखालच्या सेन्सरला माणूस आणि नारळ यांतला फरक कळत नाही. पुढच्या सीटवर नारळांचे पोते ठेवले की गाडी पट्टा लावा म्हणून कोकलते. आमचा उपाय सोपा: पोत्याला पट्टा लावतो. पोते हलतही नाही. पट्ट्याची ही आठवण आणि वेगाची किणकिण जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की अधूनमधून आणि १२० ओलांडले की अखंड. हे बंद करण्याची सोय मेन्यूत शोधू नका.

उतारावरची गंमत

मामांची नवी गाडी ऑटोमॅटिक आहे. डावा पाय आता बेकार. तो पहिले पंधरा दिवस मांडीखाली दुमडून बसवायला लावला, नाहीतर क्लच समजून तो ब्रेकवर पडायचा आणि मामी डॅशबोर्डवर.

त्यांच्या अंगणातून रस्त्यावर यायला चिऱ्यांची चढण आहे. तिथे दोन सुविधांचा गोंधळ उडाला. हिल होल्ड म्हणजे चढणीवर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोन-तीन सेकंद मागे जात नाही, तेवढ्यात अॅक्सिलरेटर द्यायचा. मामा पाय काढून मामीची वाट बघत बसले, तीन सेकंद झाले आणि गाडी पोफळींकडे निघाली. ऑटो होल्ड वेगळे. ते बटण लावले असेल तर पूर्ण थांबलेली गाडी तुम्ही अॅक्सिलरेटर देईपर्यंत जागची हलत नाही. सिग्नलला, मंगेशीच्या जत्रेच्या गर्दीत, हे वरदान आहे. पण गाडी पार्क करताना ते बंद ठेवावे. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की मुंगीच्या चालीने सरकते, आणि अरुंद जागेत त्याच सरकण्याचा उपयोग असतो. ऑटो होल्ड ते काढून घेते. मग दर वेळी अॅक्सिलरेटरला पाय लागतो आणि गाडी झटका देते.

चढणीवर गाडी लावताना नुसते पी, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये टाकून उतरू नये. पी मध्ये गिअरबॉक्समधली एक छोटी खुंटी दातांत अडकते, आणि सगळ्या गाडीचे वजन त्या खुंटीवर येते. आधी पायाने ब्रेक, मग पार्किंग ब्रेकचे बटण, ब्रेक हळूच सोडून गाडीला जागेवर बसू द्यावे, आणि मग पी.

आणि घाट. अनमोड किंवा चोर्ला उतरताना डी, म्हणजे नेहमीच्या पुढे जायच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. ऑटोमॅटिकमध्येही हाताने गिअर कमी करायची सोय असते. जुन्या काळी ट्रकवाले सांगत, ज्या गिअरने चढला त्याच गिअरने उतर. ते अजून खरे आहे.

रडार आणि कॅमेरा

आता झेंडूच्या हाराकडे. जाळीमागे किंवा बंपरच्या खालच्या भागात प्लास्टिकआड एक रडार बसवलेला असतो. त्याच्या लहरी साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर लांबीच्या. त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, आणि परतायला लागलेल्या वेळावरून अंतर, तर लहरीत पडलेल्या फरकावरून वेग कळतो. रेल्वे जवळ येताना शिटी बारीक आणि लांब जाताना जाड वाटते, तेच तत्त्व. प्लास्टिक, अंधार, बरेचसे धुके यातून या लहरी पार होतात. पाणी मात्र त्यांना शोषते. ताजा झेंडू, ओली आंब्याची पाने, रसाळ लिंबू हे सगळे रडारच्या दृष्टीने पाण्याचे पडदे. पावसाळ्यात लाल चिखलाचा ओला थर बसला तरी तेच होते. मामीला आता हे पटले आहे. हार बोनेटवर आडवा ठेवून फोटो काढतो आणि निघताना आत घेतो.

रडारला वस्तू आहे हे कळते, पण ती काय आहे ते नीट कळत नाही. ते काम काचेवरच्या आरशामागे बसलेल्या कॅमेऱ्याचे. गाडीचा पार्श्वभाग, माणूस, सायकल, रस्त्यावरचा पांढरा पट्टा अशा आकृत्या ओळखायला तो हजारो चित्रांवरून शिकलेला असतो. दोघांची साक्ष जुळली की गाडी पुढच्याशी अंतर राखते, पट्ट्यात राहते, टक्कर होणार असे वाटले की स्वतः ब्रेक मारते. या सगळ्याला बाजारात एडास म्हणतात.

रडारची एक खोड मुद्दाम समजून घ्यावी. रस्त्याकडेचे मैलाचे दगड, फलक, पुलाचे लोखंडी सांधे, हे सगळे त्याला प्रतिध्वनी देतात आणि हे सगळे स्थिर असतात. प्रत्येक स्थिर वस्तूला घाबरून ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही. म्हणून वेगात असताना तो स्थिर वस्तूंवर कमी विश्वास ठेवतो आणि कॅमेऱ्याच्या साक्षीची वाट बघतो. याचा अर्थ, महामार्गावर अंधारात बंद पडून उभा असलेला ट्रक हा या यंत्रणेचा सर्वांत दुबळा कोपरा आहे. हलणाऱ्या ट्रकमागे ती हुशार, उभ्या ट्रकपुढे बावळट.

दुसरा दुबळा कोपरा आपल्या गोव्यातला. पावसाळी रात्री गुरे डांबरावर येऊन बसतात, कारण तिथे कोरडे आणि उबदार असते. बसलेली काळी गाय ना मोटारीसारखी दिसते ना माणसासारखी. कॅमेरा तिला ओळखेल यावर एक पैसाही लावू नये. मामांनी यावर उपाय सुचवला होता: कुळागरात केळीचा खांब उभा करून त्यावर गाडी घालून बघू, थांबते का. मी किल्ली घेऊन घरी आले. ही यंत्रणा तपासून बघण्याची वस्तू नाही. कधी ती वेगाच्या मर्यादेबाहेर असते, कधी अॅक्सिलरेटर जोरात दाबला की तुम्हाला खरेच पुढे जायचे आहे असे समजून ती माघार घेते. मग केळ आणि बंपर दोन्ही जातात.

पट्ट्यात ठेवणारी सुविधा मामांची खरी शत्रू ठरली. कुंडईजवळ पुढे एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, रेंगाळत होता, मामांनी नेहमीच्या सवयीने किंचित उजवीकडे घेतली, आणि स्टिअरिंगने उलट ओढ दिली. "कोण ओढते हे?" मामांनी हात सोडले, आणि मी किंचाळले.

घडले असे: कॅमेऱ्याला मधली पांढरी रेघ दिसली, गाडी रेघेकडे सरकताना दिसली, आणि इंडिकेटर नव्हता. इंडिकेटर नाही म्हणजे माणसाला डुलकी लागली असावी, असा तिचा हिशेब. इंडिकेटर दिला की ती गप्प बसते. म्हणजे गाडी जी शिस्त मागते ती आरटीओवाले पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. फरक एवढाच की ही ऐकेपर्यंत ओढते. तिची ओढ हलकी असते, हाताच्या साध्या जोराने मोडता येते, आणि हे कळले की भीती निम्मी होते.

तरी ती कुठे लावावी याला विवेक हवा. झुवारीच्या नव्या पुलावर रेघा ठळक, रस्ता सरळ. तिथे ती सुरेख चालते. भोमसारख्या ठिकाणी, जिथे घरे रस्त्याला टेकलेली, रेघ पुसट, समोरून कदंबा बस अर्धा रस्ता खाऊन येते, तिथे ती बंद असलेली बरी. वळणावर समोरून येणारी बस गाडीला क्षणभर आपल्याच नाकासमोर दिसते आणि ती उगाच बोंब ठोकते. गावातल्या रस्त्यांना तर रेघच नाही. तिथे ती आपणहून झोपते. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की टक्कर टाळणारा ब्रेक पुन्हा आपोआप चालू होतो. तो तसाच राहू द्यावा. पट्ट्याची सुविधा आपल्याला हवी तेव्हा.

अंतर राखणारे क्रूझ कंट्रोलही तसेच. धारगळच्या बाजूला चौपदरी रस्त्यावर पहाटे मोपाला विमान गाठायला निघालात तर त्यासारखे सुख नाही. पण दिवसा पुढच्या गाडीपासून ती जे अंतर सोडते, त्यात लगेच स्कूटर घुसते, मग भाड्याची जीप, मग आणखी एक स्कूटर, आणि आपण मागे मागेच जात राहतो. मामांना हा अपमान सहन होत नाही. घाटात आणि जोरदार पावसात ते लावायचेच नाही, यावर आमचे एकमत आहे.

कॅमेऱ्याला डोळ्यासारखेच त्रास. फोंड्याहून पणजीला संध्याकाळी निघाले की सूर्य समोर, आणि तो दिपतो. जून ते सप्टेंबर चोर्ल्याच्या धुक्यात रडारला पुढचे दिसत असले तरी कॅमेऱ्याला दिसत नाही, मग गाडी सरळ सांगते की आज मी नाही. हा बिघाड नव्हे, प्रामाणिकपणा. काचेवर त्याच्यासमोर देवाचा स्टिकर लावू नये, आरशाला अबोलीचा वळेसर लटकवू नये. खाणीच्या ट्रकचा दगड उडून काच बदलावी लागली तर कॅमेरा नव्याने जुळवून घ्यावा लागतो. थोडासा कोन चुकला तरी शंभर मीटरवर तो चूक रस्ता बघतो. काच बसवणाऱ्याला आणि विम्यावाल्याला हे आधीच विचारावे. बंपरपुढे लोखंडी गार्ड तर लावूच नये. डिसेंबर २०१७ पासून त्यावर बंदी आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरला व रडारला तो अडथळाही होतो.

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर, जिथे एअरबॅग असे कोरलेले असते, नेमका तिथेच गणपती चिकटवायची आपली हौस. ती पिशवी फुगायला सेकंदाचा पंचविसावा भागही लागत नाही. झाकणावर जे असेल ते गोळीसारखे समोर बसलेल्याच्या तोंडावर येते. बाप्पाला मधोमध किंवा खाली बसवावे.

एडासबद्दल शेवटची गोष्ट. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये गाडी स्वतः किती चालते याच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आखल्या. आपल्या बाजारात जिला लेव्हल टू म्हणतात त्या पायरीवर गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळू शकते, पण रस्त्यावर नजर माणसाची आणि जबाबदारीही माणसाचीच. शोरूमच्या व्हिडिओत हात सोडून हसणारा माणूस दिसतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

जवळचे डोळे

बंपरवरचे गोल टिकल्यांसारखे सेन्सर वटवाघळाचे काम करतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात. पल्ला थोडाच, एक-दोन मीटरचा. भिंत, गाडी त्यांना छान कळते. बारीक तार, बंपरपेक्षा खालचा दगड, मऊ कपडा घातलेले मूल कधी कळते कधी नाही. जुन्या गोव्याहून दिवाडीला जायला फेरीबोटीत गाडी घातली तर सगळ्या बाजूंनी स्कूटर खेटतात आणि सेन्सरना वेड लागते. तिथे त्यांचे बटण बंद करावे, काच खाली करावी आणि फेरीवाला हात दाखवेल तसे जावे. अजून त्याच्याइतका चांगला सेन्सर निघालेला नाही.

मागच्या कॅमेऱ्यावर पावसाचा थेंब बसला की सगळे धूसर. गाडी बाहेर काढण्याआधी बोटाने पुसावा. चार कॅमेऱ्यांचे चित्र जोडून दिसणारे वरून पाहिल्यासारखे दृश्य सुंदर असते, पण ते जोडकाम आहे. उभ्या वस्तू त्यात वाकड्या पडतात आणि अंतर फसवते. शेवटची वीतभर मान वळवूनच बघावी.

काचेवरचा पाऊस ओळखणारा वायपरही एक छोटी युक्ती आहे. काचेच्या आतून अदृश्य प्रकाश तिरका सोडतात. काच कोरडी असली की तो बराचसा परत येतो, थेंब असले की बाहेर निसटतो. कमी परत आला म्हणजे पाऊस. मार्च-एप्रिलच्या धुळीत हा बंद ठेवावा, नाहीतर काही शिंतोडे पडले की तो कोरड्या मातीवर घासत सुटतो. गाडी धुवायला देतानाही.

पडदा आणि फोन

पडद्यावर मी फार वेळ घालवला नाही. आसन, आरसे, एसी, नकाशा हे सगळे गाडी हलण्याआधी लावून घ्यायचे, चालताना पडदा चाचपायचा नाही. एक धोका मात्र आधी सांगायला हवा होता. फोन जोडला की येणारा कॉल सगळ्या गाडीला ऐकू येतो. मामांच्या भजनी मंडळातल्या एका मित्राने फोन केला आणि मामीच्या भावाने पेटी बेसूर वाजवल्याबद्दल सविस्तर मत दिले. मामी मागे बसली होती. आता मामा फोन आला की पहिले वाक्य टाकतात, "गाडीत आहे, सगळे आहेत."

गाडीत सिम असेल तर ती कुठे आहे, किती वेगात आहे, हे घरच्यांना ॲपवर दिसते. पुण्यातल्या मुलाने दुसऱ्याच दिवशी विचारले, "बाबा, काल बाणस्तारीला एवढे भरधाव का?" मामांनी ॲपमधून त्याला काढून टाकले, तो त्यांचा कौटुंबिक प्रश्न. पण गाडी विकताना जोडलेले फोन, पत्ते, खाते सगळे पुसून द्यावे, नाहीतर नव्या मालकाला तुमच्या घरचा रस्ता आणि तुम्हाला त्याचा रोजचा प्रवास दिसत राहतो.

सहा महिने झाले. मामा आता इंडिकेटर देतात, पायलटला ओलांडतानाही. दसऱ्याला गाडी धुतली, आंब्याची पाने आणली. पुढे हार नको हे त्यांचे त्यांनाच आठवले. तो त्यांनी मागच्या वायपरला बांधला, मोठ्या समाधानाने आत बसले, रिव्हर्स टाकला, आणि पडद्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत झेंडूच झेंडू.